घरातलं दुसरं यंत्र

नव्या घरात येऊन ह्ये-रानला चार दिवस झाले, तरी इंटरनेट गोगलगायीच्याच चालीने चाललं होतं. वेगवान इंटरनेटसाठी नावाजलेल्या सोलमध्ये ही गोष्ट चारचौघांत सांगायलाही लाज वाटते. त्यात तिच्या चित्रकथेचा भाग आज संध्याकाळी सहापर्यंत संपादकांकडे पोचला नाही, तर मालिकाच बंद होणार होती.

राउटरच्या यादीत दोन यंत्रं दिसत होती. तिच्याकडे संगणक एकच होता, आणि फोनचं इंटरनेट वेगळं. तिने तीनदा पासवर्ड बदलला. दुसरं यंत्र जागचं हललं नाही.

संशय अर्थातच शेजाऱ्यांवर गेला. नव्या घराच्या म्हणून दारोदार वाटलेल्या तांदळाच्या वड्या खायच्या, आणि वर इंटरनेटही खायचं! ती तडक वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे गेली.

"मी चोरेन?" काकू उसळल्या. "वड्या कोरड्या होत्या, तरी मी चकार शब्द काढला नाही. पण काय गं, आम्हाला वाटण्याआधी रीतीप्रमाणे घरात आधीपासून असलेल्यांसाठी नैवेद्य म्हणून खोलीखोलीत ठेवल्या होत्यास ना?"

"घरात कोणासाठी? मी एकटीच तर राहते."

काकूंनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि हळूच दार लावून घेतलं.

साडेपाचला तिने खोलीतून संपादकांना फोन लावला. "साहेब, एक तास द्या. शेवटचं चित्र अजून काढायचंय."

"अगं, भाग दुपारीच आला की!" साहेब भलतेच खूश होते. "आणि शेवटचं चित्र काय झकास! स्वतःलाच काढलंस, पाठमोरी, फोन कानाला लावलेली. अगदी कपाटाच्या फटीतून बघून काढल्यासारखं."