चौथ्यांदा सुटलेली वायर

काका-काकूंचं चाकांवरचं घर असलेली घरगाडी चौथ्यांदा अडून बसली होती. किल्ली फिरवली तरी स्टार्टर हूं की चूं करत नव्हता.

"बॅटरी नवी, मोटरही नवी, मग दुखणं आहे तरी कुठे?" पुटपुटत मेकॅनिकने दोन सीटांमधलं झाकण काढलं आणि इंजिनात डोकं खुपसलं. काका गॅरेजमध्ये येरझारा घालत होते. काकू मात्र जीव मुठीत धरून त्याच्या शेजारीच बसल्या होत्या.

"सापडलं! स्टार्टरची बारीक वायर सुटलीय. पण काकू, ही हिसक्यांनी सुटलेली नाही. कुणीतरी हाताने उपसलीय."

काकूंनी काळी झालेली बोटं मुठीत दडवली. "आम्ही दोघंच तर असतो गाडीत. राहू दे ना आता. महिनाभर इथेच थांबतो आम्ही."

"असं कसं राहू दे!" त्याने वायर जोडली आणि वरून पट्टी आवळली. "आता हत्ती लावून ओढली तरी निघायची नाही."

त्याने किल्ली फिरवताच इंजिन धडधडलं. काकूंनी डोळे गच्च मिटले.

"वा! म्हणजे दिवस मावळायच्या आत गाडी घाटाखाली उतरवतो मी," बाहेरून काकांचा आवाज आला. "तुमचे उपकार कसे फेडू, मेकॅनिकसाहेब!"

मेकॅनिकने हसत खिडकीतून डोकं बाहेर काढलं. काका त्याच्याकडे पाठ करून, खुंटीवर लटकणाऱ्या त्याच्या कोटापुढे हात जोडून उभे होते.