रिकामी ओंजळ

गावातलं बर्गरचं दुकान बंद होऊन दोन वर्षं झाली. कंपनीने लहान गावांतल्या सगळ्या शाखा एकेक करून गुंडाळल्या. आमचा मुलगा त्या दुकानातल्या घसरगुंडीवर लहानाचा मोठा झाला.

हल्ली माझे यजमान दुपारी फिरून येतात आणि जेवणाचं ताट बाजूला सारतात. "पोट भरलंय गं."

"लक्ष ठेवा हं, आई," सून हसते. "बाबांनी दुसरं बिऱ्हाड केलेलं दिसतंय!"

मला हसू येत नाही. महिन्याभरात त्यांच्या बरगड्या मोजता येतील इतके ते वाळलेत. डॉक्टरांना काही सापडत नाही.

आज मी त्यांच्या मागोमाग गेले. ते त्या दुकानासमोर उभे होते. दाराला गंजलेलं कुलूप होतं, काचांना आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली. त्या काचेकडे बघत ते सावकाश, चवीने चावत होते. हातात काहीच नव्हतं.

"अहो, घरी चला." मी दंड धरून ओढलं. ते हलेनात.

"थांब, तुझं अर्धं राहिलंय." त्यांनी रिकामी ओंजळ माझ्या तोंडाशी धरली.

मी ओठ घट्ट मिटून घेतले.

तरी माझ्या घशाखाली काहीतरी गरम उतरलं.