कोंबड्यांचं बी

बर्नार्डकाकाने कणीस सोललं आणि रॉकीच्या नाकासमोर धरलं. शेंड्यापर्यंत दाणा भरलेला.

"बघ रॉक्या. टपोरं बी, टपोरं कणीस. वजन बघूनच पेरायचं असतं."

रॉकीच्या पोटात हसू उसळ्या मारत होतं. निर्मळ गावात कुणाची सायकल झाडावर लटकलेली दिसली की लोक अजूनही आधी त्याच्याच दारात यायचे, पन्नाशी उलटली तरी. पण ही खोडी त्याने पेरणीपासून दाबून ठेवली होती.

काकाची पद्धत ठरलेली. कणसाच्या मधले जाड दाणे बियाण्याला, टोकाचे बारीक कोंबड्यांना. तळहातावर तोलून निवडायचा. पोटच्या पोरालाही त्याने तसंच तोललं. जेन्सन किडकिडीत, म्हणून पोचट. त्याला वाडीत हात लावू दिला नाही, आखातात धाडला. मागच्या ईस्टरआधी तो शवपेटीतून परत आला. तेव्हापासून या ओट्यावर कुणी हसलं नव्हतं. म्हणून तर रॉकीने हा घाट घातला होता.

त्याने पिशवीतून बरणी काढून काकाच्या मांडीवर ठेवली. आत जाड, टपोरे दाणे, जूनमध्ये काकाने निवडलेले.

"हे घ्या तुमचं बी. गुडघे धरले म्हणून पेरायला मला पाठवलंत ना? मी कोंबड्यांचं पेरलं."

आणि तो एकटाच खो खो हसला.

काकाने बरणीकडे पाहिलं, मग कणसाकडे. अंगठ्याने एकेक दाणा चाचपत गेला.

"सगळे बारीकच?"

"एक न् एक. त्यांना काय लागतं काका? जागा दिली, खत दिलं, तण काढलं. बास."

बोलून झाल्यावर रॉकीला आपलंच बोलणं ऐकू आलं. हसू तोंडावर तसंच राहिलं, ते कुठे ठेवावं त्याला कळेना.

जेन्सनची आई, सालोमीकाकी, दारात उभी होती.

"जागा दिलीस," ती रॉकीला म्हणाली.

तिने काकाच्या मांडीवरची बरणी उचलली. काकाने ना म्हटलं नाही. ती अंगणात गेली, झाकण काढलं, कोंबड्यांना साद घातली आणि टपोरे दाणे मूठ मूठ त्यांच्यापुढे टाकत राहिली, बरणी रिकामी होईपर्यंत.