मुरड

गणपतीची चवथ परवावर आली. कमलाक्षी यंदाही नेवऱ्या, म्हणजे सणाच्या करंज्या, भरायला बसली. कॅन्सरचे उपचार संपून दोन महिने झाले होते. डोक्यावर पेरभर केस आले होते, पण बोटांची टोकं औषधांनी बधिर झाली ती तशीच होती. कडेला मुरड घालताना पारी चिमटीत आहे की नाही, हे तिला बघूनच कळायचं.

तरी तिची एकही नेवरी तेलात उघडत नव्हती.

"हात अगदी पयल्यासारखो बसलो गो तुझो," कढईजवळून मांय, तिची सासू, म्हणाली.

कमलाक्षीने मान वर केली. मांयच्या तोंडून सुनेच्या नेवरीची स्तुती अख्ख्या लाटंबार्शात कुणी ऐकली नव्हती. पण कमलाक्षी इस्पितळातून आल्यापासून मांय मऊ, जाऊ विमला मऊ. नवरा, गुरुदास, न मागता पाण्याचा तांब्या पुढे करायचा. शेवटच्या तपासणीला डॉक्टरांनी त्याला एकट्याला आत बोलावलं होतं. बाहेर येऊन तो म्हणाला, "सगळां बरां आसा." एवढंच. जाणाऱ्या माणसाशी घर किती गोड वागतं, ते तिने आजेसासूच्या वेळी पाहिलं होतं.

तिने तीन नेवऱ्यांच्या कडा नुसत्या जुळवल्या. मुरड न घालताच त्या ताटात ठेवल्या आणि पाणी प्यायला उठली.

परतली तेव्हा तिन्हींना मुरड होती. बारीक, दाट. मांयची.

"ह्यांका मुरड कोणी घातली?"

विमला खाली बघून लाटत राहिली.

"मांय, खरां सांगा. डॉक्टर ह्यांका काय म्हणाले? माझे किती दिवस रवले?"

"देवाशपथ, तसां कायएक नाय गो! बरी झाली म्हणाले. फक्त जपा म्हणाले."

"मग माझ्या नेवऱ्यांका हात लावू नकात."

पुढची तिने स्वतः भरली, स्वतः मुरडली आणि स्वतःच कढईत सोडली. नेवरी टम्म फुगली. मग कड सुटली. खोबरं-गूळ तेलभर पसरून काळा पडला.

कमलाक्षी मांयच्या तोंडाकडे बघत होती. मांयने ओठ घट्ट मिटले, झारा उचलला, परत ठेवला.

"अगो, हात काय खोरां तां?" मांय कडाडली. "येवढां तेल नासयलंस! तांय सणाच्या तोंडार!"

कमलाक्षी पाटावर बसली. पुढची पारी तिने हातावर घेतली.

"दुसरां तेल ओता, मांय," ती म्हणाली. "अजून खूप उघडतल्यो."