शंकेला जागाच नाही

आमच्या संख्याशास्त्र विभागात दर हिवाळ्यात चिली, म्हणजे मांस-राजम्याचा तिखट रस्सा, रांधायची स्पर्धा होते आणि दर वेळी निकालावरून भांडणं होतात. म्हणून यंदा स्पर्धा सांभाळणाऱ्या मार्लिसबाईंनी चाखणाऱ्यांनी दिलेले गुण थेट संगणकात घातले. तो प्रत्येकाला मिळालेल्या गुणांच्याच चिठ्ठ्या करून हजारदा काढतो, परत टाकतो, सरासरीच्या जागी ठिपका देतो, आणि दर खेपेला ती सरासरी जितकी डगमगेल तितकी लांब रेघ काढतो. लांब रेघ म्हणजे मोठी शंका.

पडद्यावर सगळ्यांच्या ठिपक्यांना लांबलचक रेघा. चिलीत खारवलेला मासा घालणाऱ्या प्राध्यापक आर्ने लुंडग्रेनांचा ठिपका मात्र दहापैकी दहावर, आणि त्याला रेघच नाही!

"बघा, शंकेला जागाच नाही!" बक्षिसाची सोनेरी पळी उचलून आर्ने गरजले. "शिका जरा, लेको!"

आम्ही सगळे हाडाचे संख्याशास्त्रज्ञ. टाळ्यांचा कडकडाट केला.

तेवढ्यात मार्लिसबाईंनी आर्नेंच्या अजून काठोकाठ भरलेल्या पातेल्यात डोकावून विचारलं, "अरे आर्ने, तुझी चिली तुझ्याशिवाय चाखली तरी कुणी?"