शनिवारच्या आत कोठडी

"तीन दिवस कोठडी," विद्यापीठाचे न्यायाधीश म्हणाले. वेंडेलिन हाफ्नर इतका खूश झाला की त्याने त्यांचे दोनदा आभार मानले.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "हाफ्नर, चार वर्षं तुम्ही पहिल्या बाकावर बसलात. काल दुपारी कुलगुरू झोपलेले असताना त्यांच्या खिडकीखाली टपालगाडीचं शिंग फुंकायचं तुम्हाला सुचलं तरी कसं?"

"सुचायला फार वेळ लागला, साहेब."

"शनिवारी अकराला तुम्हाला पदवी मिळेल. मग तुम्ही विद्यार्थी नाही आणि आमचा तुमच्यावर हक्कही नाही. त्याच्या आत शिक्षा भोगून टाका. परीक्षेपुरतं बाहेर सोडतील."

वेंडेलिनला तेच तर हवं होतं. सगळ्या गावात त्याच्याइतका सरळ विद्यार्थी नव्हता, आणि हेच त्याचं दुखणं होतं. त्याचे वडील ल्युट्सबाखचे औषधवाले. १८३१ साली व्याख्यानाच्या दालनात बोकड सोडल्याबद्दल ते याच कोठडीत चौदा दिवस होते. घरी पाहुणा आला की सूप यायच्या आधी बोकड यायचा. भिंतीवर आपलं नाव आहे, हे सांगताना त्यांची छाती फुगायची, आणि मग पोराकडे वळून ते विचारायचे, "काय रे, तुझं अजून काहीच नाही?"

या प्रश्नाचं वेंडेलिनला खरंच वाईट वाटे. म्हणून पंधरा दिवसांपूर्वी त्याने पत्र लिहिलं होतं. पदवीआधी मी कोठडीत जाईन, तुमच्या नावाखाली माझं नाव लिहीन, शनिवारी तुम्ही आलात की दोघं वर जाऊन बघू. उत्तर आलं नाही. बाबांना गहिवरून आलं असणार, असं त्याने धरून टाकलं.

मंगळवारी सकाळी तो गादी, उशी आणि हातभर लांब सॉसेज घेऊन शिपाई क्नोलच्या घरी हजर झाला. विद्यापीठाची कोठडी त्याच्याच माळ्यावर होती. एकच खोली, एकच खाट.

"जागा नाही," क्नोल म्हणाला. "परवापासून एक जण आहेत."

"कोण?"

"नाव सांगायचं नाही, असं वचन दिलंय मी."

"मग त्यांना थोडं सरकायला सांगा ना, काका! मी जमिनीवर झोपतो."

"ते एकटेच राहणार. चित्र काढतायत भिंतीवर. त्यांची पहिलीच वेळ आहे हो, हौस फिटू द्या की."

वेंडेलिनला हे पटलं आणि त्याने गादी पुन्हा खांद्यावर टाकली. कोठडीत गेलेला प्रत्येक जण काजळी कालवून भिंतीवर चित्र काढायचा, नाव आणि साल घालायचा. पहिल्यांदा गेलेल्याला हात बसायला वेळ लागायचाच.

बुधवारी तोंडी परीक्षा होती. रोमन कायद्यावर प्राध्यापकांनी अडीच तास पिळून काढलं. वेंडेलिनने सगळी उत्तरं बरोबर दिली आणि धावत क्नोलकडे गेला. जागा नव्हती. एका मुलीच्या हाती खाणावळीतून भाजलेलं बदक मात्र वर चाललं होतं.

"बदक?" मागोमाग आलेला वेंडेलिनचा सोबती गेबहार्ट म्हणाला. दोघं एकाच खोलीत राहायचे. "अरे, हा तुरुंगात आलाय की सासरी?"

गुरुवारी वेंडेलिनने ऱ्हाइनच्या दारूची बाटली वर पाठवली आणि निरोप दिला की माझी नड फार मोठी आहे. बाटली वर राहिली. क्नोल निरोप घेऊन खाली आला. "ते म्हणाले, त्यांची नड तुमच्यापेक्षा मोठी आहे. डोळ्यांत पाणी होतं हो त्यांच्या."

"माझ्याही आहे! उद्या संध्याकाळपर्यंत आत गेलो नाही तर बाबांना काय तोंड दाखवू?"

"घरोघरी तेच," क्नोल पुटपुटला आणि तंबाखूची नवी कोरी पुडी सोडत बसला.

शुक्रवारी जाहीर वादसभा झाली. दोन विरोधकांनी ठरल्याप्रमाणे त्याच्या प्रबंधावर हल्ला केला, वेंडेलिनने ठरल्याप्रमाणे परतवला, आणि सगळ्यांनी त्याचं अभिनंदन केलं. त्याचं कशात लक्ष नव्हतं. संध्याकाळी क्नोल म्हणाला, "उद्या सकाळी दहाला रिकामी करतो म्हणतात. पक्कं."

"दहाला? अकराला तर माझी पदवी आहे!"

"मग तासभर मिळतोय ना? नाव लिहायला किती वेळ लागतो?"

गेबहार्ट त्या दिवशी हसून हसून खुर्चीवरून पडला. वेंडेलिन मात्र रडकुंडीला आला होता. चौदा दिवसांच्या बापाचा एका तासाचा मुलगा! आणि बाबांची टपालगाडी साडेदहाला येणार होती.

शनिवारी त्याला दहापर्यंत धीर धरवेना. नऊ वाजता, पदवीदानाचा काळा कोट चढवून, तो क्नोलच्या घरात शिरला. क्नोल अंगणात विहिरीवर पाणी काढत होता. किल्ली खिळ्याला टांगलेली होती. आयुष्यात पहिल्यांदा वेंडेलिनने न विचारता दुसऱ्याची वस्तू उचलली आणि तीन तीन पायऱ्या गाळत तो माळ्यावर पोचला. आत कोणी का असेना, हातापाया पडू, नाहीतर भांडू, पण भिंतीवरची वीतभर जागा घेतल्याशिवाय हलायचं नाही, असं त्याने ठरवलं.

त्याने कुलूप काढलं आणि दार ढकललं.

आतला माणूस पाठमोरा, स्टुलावर चढून उभा होता. शर्टाच्या बाह्या वर सारलेल्या, कोपरापर्यंत काजळी. भिंतीवर एक शिंगवाला बोकड झकास उतरला होता, त्याखाली मोठ्या ओल्या अक्षरांत 'हाफ्नर, चौदा दिवस' असं लिहिलं होतं, आणि त्यापुढे वेंडेलिनचे बाबा, जीभ दातांत धरून, अगदी सावकाश साल घालत होते: १८३१.