लिंक कोणी तोडली?

दसऱ्याची सुट्टी संपवून पवईच्या ऑफिसात आलो, कॉम्प्युटरवरचा सुकलेला झेंडूचा हार बाजूला सारला आणि रिपोर्टची शीट उघडली. सगळ्या रकान्यांत एररच एरर. डेटाबेसमधून आकडे आणणारी लिंक तुटली होती, आणि थोड्याच वेळात मीटिंग.

मी तडक डेटाबेसवाल्या सुशांतला फोन लावला. "सुट्टीत काय उद्योग केलेस रे?"

"अरे, मी हात पण नाही लावला. तुझ्या बाजूने बघ ना."

माझ्या बाजूने बघायचा प्रश्नच नव्हता. ऑफिसात एक्सेलचं काही अडलं की लोक माझ्याकडे येतात. सुशांतच्या टीमने वाट लावलीय, असा मेल मी साहेबांसकट सगळ्यांना पाठवून दिला.

शेवटी शेजारची गंधाली खुर्ची सरकवत आली. "ही शीट आकडे आणायची क्वेरी कुठल्या फोल्डरमधून उचलते, ते बघितलंस?" तिने दोन-तीन क्लिक केले. "ती 'विक्री' नावाचा फोल्डर शोधतेय. तसा फोल्डरच नाहीये इथे."

"बघ. उडवला त्या सुशांतने."

"उडवला नाही रे, नाव बदललंय. आता '॥ श्री ॥ विक्री' असं झालंय."

 

 

सुट्टीआधी कॉम्प्युटरची पूजा करून हार घातल्यावर, ही लिंक वर्षभर तुटू नये म्हणून ते 'श्री' मी स्वतःच्या हाताने टाईप केलं होतं.